भौतिकोपचाराची परीक्षा : एका रोगयादीचा इतिहास

आमच्या नात्यातील एक मुलगी गेले वर्षभर एका परीक्षेच्या तयारीत आहे. फिजिओथेरपीची पदवी तिने भारतात घेतली, दोन वर्षे एका रुग्णालयात काम केले आणि आता तिला अमेरिकेत हाच व्यवसाय करण्याचा परवाना हवा आहे. मागील दिवाळीत आम्ही बडोद्यास तिच्या घरी गेलो होतो. दांडिया बाजारातील त्या जुन्या वाड्यात, पणजोबांच्या शिसवी मेजावर, पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांची एक उंच चळत रचलेली दिसली. प्रत्येक पुठ्ठ्याच्या एका बाजूस रोगाचे नाव, दुसऱ्या बाजूस लक्षणे, तपासण्या आणि उपचार, आणि तळाशी लाल शाईने धोक्याच्या खुणा. आम्ही सहज तीन पुठ्ठे उचलले. पहिल्यावर पोलिओनंतर उतारवयात येणारी दुर्बलता होती, दुसऱ्यावर कंपवात आणि तिसऱ्यावर मधुमेही माणसाचे पाऊल.

आम्ही विचारले, "हे एवढे रोग निवडले कोणी?" ती हसून म्हणाली, "आजोबा, ते विचारायला वेळ कुठे आहे? या कॉमन कंडिशन्स आहेत. एवढ्या यायलाच हव्यात."

उत्तर परीक्षार्थीस शोभेल असेच होते. पण आमच्या मनातून तो प्रश्न जाईना. 'नेहमी आढळणारे विकार' असे आपण म्हणतो, तेव्हा ते नेहमी कोणाला आढळणारे? कोणत्या देशात, कोणत्या काळात? रोग निसर्ग देतो हे खरे. परंतु रोगांची यादी माणसे करतात, आणि माणसे ज्या संकटांतून गेलेली असतात त्यांचे ठसे त्या यादीवर राहतात. पुढील काही महिने जुनीनवी पुस्तके चाळून आम्ही त्या चळतीचा मागोवा घेतला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या परीक्षेविषयी थोडे. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपला परवाना स्वतंत्रपणे देते; परीक्षा मात्र सर्व राज्यांची एकच असून राज्यांच्या परवाना मंडळांचा महासंघ ती घेतो. संगणकासमोर बसून दोनशेहून अधिक प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाखाली पर्यायी उत्तरे दिलेली असतात आणि त्यांतून एकच निवडायचे असते. गुण २०० ते ८०० या मापावर देतात आणि ६०० ही उत्तीर्णतेची रेघ आहे. प्रश्नांचा सर्वांत मोठा वाटा हाडे, सांधे व स्नायू यांच्या विकारांचा. त्याखालोखाल मेंदू व मज्जातंतूंचा. मग हृदय व फुप्फुसांचा. उरलेल्यात त्वचा, मधुमेहासारखे चयापचयाचे विकार, लसीकावाहिन्या इत्यादी येतात.

मात्र 'हा रोग कोणता?' असा सरळ प्रश्न क्वचितच असतो. आम्हांस तिने एक नमुना सांगितला. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूस इजा झालेला एक रुग्ण उताणा पडून व्यायाम करीत आहे. अचानक त्याचे डोके ठणकू लागते, चेहरा लाल होऊन घामाने डबडबतो, रक्तदाब झपाट्याने चढतो. सर्वांत आधी काय कराल? उत्तर असे की त्याला तत्काळ उठवून बसवावे, अंगावरचे घट्ट कपडे व पट्टे सैल करावेत आणि लगेच कारण शोधावे. बहुधा लघवीची नळी कुठेतरी मुडपलेली असते आणि मूत्राशय तुडुंब भरलेले असते. रोगाचे नाव पाठ असूनही जो रुग्णाला आडवाच ठेवील, त्याचा येथे एक गुण जाईल. रुग्णालयात मात्र रुग्णाचा प्राण जाऊ शकेल. परीक्षा या दोन गोष्टींमधील अंतर मोजण्यासाठी असते.

आता थोडे मागे जाऊ. मर्दन आणि व्यायाम यांनी शरीर सुधारते हे सांगण्यास आपल्या जुन्या घरांना पाश्चात्त्य ग्रंथांची गरज नव्हती. प्रत्येक वस्तीला तालीम होती, तालमीत तेल होते, आणि मुरगळलेला पाय घेऊन माणूस आधी वस्तादाकडेच जाई. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हे व्यायामगुरू होते, तसेच हाडे बसविणारे म्हणूनही लोकांना परिचित होते. पुढे लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याच हाताखाली तयार झाले. हे ज्ञान खरे होते. पण ते गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जाई. शिष्य तयार झाला की नाही हे गुरू ठरवी, आणि गुरूची पारख समाज करी. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तेथे ही व्यवस्था चालते. अनोळखी शहरात अनोळखी माणसाच्या हाती आपला मोडका पाय द्यावयाचा असेल तर हमी कोणी द्यावी, हा प्रश्न तेथे उरतोच.

नेमका तोच प्रश्न १८९४ साली लंडनमध्ये उभा राहिला. त्याआधी स्टॉकहोम येथे १८१३ साली पेर हेन्रिक लिंग याने व्यायामविद्येची शाही संस्था स्थापली होती आणि तेथून वैद्यकीय व्यायाम व मर्दन युरोपभर पसरले होते. इंग्लंडमध्ये प्रशिक्षित परिचारिका हे काम करीत. परंतु मर्दनगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या अनाचारावर तेथील वैद्यकीय नियतकालिकाने त्या वर्षी झोड उठविली आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या स्त्रियांचीही अब्रू धोक्यात आली. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. डॉक्टरांच्या सूचनेवाचून उपचार करावयाचा नाही, वृत्तपत्रांत जाहिरात द्यावयाची नाही, असे कडक नियम त्यांनी स्वतःवर लादून घेतले आणि प्रमाणपत्रासाठी परीक्षा ठेवली. या संस्थेस १९२० साली राजसनद मिळाली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपी संस्थेचे मूळ तेच. या व्यवसायातील परीक्षेचा उगम अशा रीतीने इभ्रतीच्या रक्षणात आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'आम्ही कोण आहोत हे आमच्या शब्दावर नव्हे, परीक्षेवर पारखा,' असे त्या चौघींचे म्हणणे होते.

तथापि परीक्षेत विचारावयाचे काय, हे ठरविले युद्धाने. पुठ्ठ्यांच्या त्या चळतीत मज्जातंतूंच्या इजांचा एक जाड गठ्ठा आहे : लुळे पडलेले मनगट, फरपटणारे पाऊल, कापून टाकलेल्या अवयवाच्या जागी जाणवत राहणारी वेदना. या शेवटच्या अनुभवास 'फँटम लिंब' हे नाव सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टराने दिले. अमेरिकेच्या यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर त्याने उपचार केले होते आणि १८७२ साली मज्जातंतूंच्या इजांवर ग्रंथ लिहिला. दुखावलेल्या तंतूवर बोटाने टिचकी मारली असता पुढे झिणझिण्या येतात, ही आज प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलेली खूण झ्यूल तिनेल या फ्रेंच डॉक्टराने १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत नोंदविली.

अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली आणि जखमींना पुन्हा उभे करण्यासाठी तिने स्त्रियांचे एक साहाय्यक दल उभारले. त्यातील अग्रणी मेरी मॅकमिलन हिने इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले होते. १९१८ साली तिने ओरेगन राज्यातील रीड महाविद्यालयात मोठ्या संख्येने तरुणींना तातडीने तयार केले. युद्ध संपल्यावर १९२१ साली या स्त्रियांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापली. मॅकमिलन तिची पहिली अध्यक्ष झाली आणि त्याच वर्षी मर्दन व उपचारात्मक व्यायामावरील तिचे पुस्तकही निघाले. कापलेले पाय, आखडलेले सांधे, तुटलेले मज्जातंतू ही या व्यवसायाची पहिली 'नेहमीची' दुखणी होत. ती नेहमीची झाली याचे कारण तोफा.

युद्धाच्या बरोबरीने दुसरे संकट चालून आले होते, ते पोलिओचे. १९१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोलिओची भयंकर साथ आली. देशभर सुमारे २७,००० जणांना लागण झाली आणि सुमारे ६,००० जण दगावले. जगलेल्या मुलांचे हातपाय लुळे पडले होते. आता कोणता स्नायू किती उरला आहे हे मोजावयाचे कसे? बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांची सहायिका विल्हेल्मिन राइट यांनी या काळात स्नायूंच्या परीक्षेची जी पद्धत बसविली ती अत्यंत साधी आहे. तिच्यासाठी यंत्र लागत नाही. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण हीच तिची फूटपट्टी. स्नायू अजिबात हलत नसेल तर शून्य. बोटाखाली नुसते स्फुरण लागले तर एक. अवयव आडवा टेकवून, म्हणजे वजनाचा भार काढून घेतल्यावर हलला तर दोन. स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलला गेला तर तीन. तपासणाऱ्याच्या हाताचा थोडा दाब सोसला तर चार आणि पूर्ण दाब सोसला तर पाच. आरंभी या पायऱ्यांना आकड्यांऐवजी शब्द होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४३ साली शून्य ते पाच हे आकडे पुस्तिकेत घातले आणि ते जगभर रूढ झाले.

आज पक्षाघाताचा रुग्ण असो, कंबरेतून पायात उतरणारी कळ असो वा शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा असो, फिजिओथेरपिस्ट हाच आकडा कागदावर लिहितो. परीक्षेतील कितीतरी प्रश्नांत 'ताकद पाचपैकी तीन' एवढेच शब्द असतात. ज्या मुलांमुळे हा आकडा जगाला मिळाला त्यांच्यापैकी आज बहुधा कोणीही हयात नसेल. परंतु त्यानंतरच्या पिढ्यांतील पोलिओग्रस्त अजून आहेत, आणि १९८० च्या दशकात त्यांच्याविषयी एक नवीच गोष्ट लक्षात आली. तीसचाळीस वर्षे स्थिर राहिलेली माणसे पुन्हा दुर्बळ होऊ लागली. उरलेल्या मज्जातंतूंनी इतकी वर्षे दुपटीने ओझे वाहिले होते, ते आता थकले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. या रुग्णाला नेटाने व्यायाम करावयास लावणे घातक ठरते. त्याला शक्ती राखून वापरण्यास शिकवावे लागते. आम्ही उचललेला पहिला पुठ्ठा तो हाच. त्यावर लाल शाईत लिहिले होते : 'थकवू नये.'

पोलिओने आणखी एक धडा दिला. लुळ्या अवयवास फळ्या बांधून महिनोन्‌महिने निश्चल ठेवण्याची प्रथा तोवर होती. एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेने लोकरीच्या कापडाचे गरम ओले शेक आणि हलक्या हालचाली यांचा आग्रह धरला. १९४० साली ती अमेरिकेत आली. रोगाच्या कारणांविषयीची तिची मते डॉक्टरांनी मानली नाहीत, पण तिचे उपचार मात्र उचलले. १९५५ साली साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले आणि पोलिओचे कक्ष हळूहळू ओस पडू लागले. याच सुमारास, १९५४ साली, अमेरिकेतील संघटनेने राज्यांच्या परवान्यासाठी एक सामाईक लेखी परीक्षा तयार करविली होती. आज आमची मुलगी देत आहे ती परीक्षा त्याच परंपरेतील.

पोलिओची ही लाट मुंबईसही लागली आणि भारतातील फिजिओथेरपीचा पायाही तिच्यामुळेच घातला गेला. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला १९४० च्या दशकात पोलिओ झाला. त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. तेथील उपचारांनी मुलीला आलेला गुण पाहून त्यांनी इतरांच्या मुलांसाठी मुंबईत असे केंद्र काढण्याचा ध्यास घेतला आणि १९४७ साली डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या साहाय्याने ते सुरू केले. पुढे १९५२–५३ च्या सुमारास भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय निघाले. भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना १९५५ ची. म्हणजे एका आईच्या धडपडीपासून पहिल्या विद्यालयापर्यंत जेमतेम पाचसहा वर्षे गेली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु कॅलिपर घालून चालणारी त्या काळातील मुले आज साठीसत्तरीत आहेत, आणि वर सांगितलेला तो पुठ्ठा आपल्याकडेही तितकाच लागू आहे.

आता त्या मज्जारज्जूच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जू तुटलेल्या माणसास डॉक्टर फार दिवस देत नसत. शय्याव्रण चिघळून किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होऊन तो मरे. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमान यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे असा कक्ष उघडला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाला कुशीवर वळवावयाचे, मूत्राशयाची निगा राखावयाची आणि त्याला लवकरात लवकर खुर्चीवर बसवून कामास लावावयाचे, असा त्यांचा खाक्या होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या आवारात भरविली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो. मुडपलेल्या नळीमुळे रक्तदाब का चढतो हेही तेथील निरीक्षणांतूनच उलगडले. जे मरत असत त्यांना हे संकट येण्याइतके आयुष्यच नव्हते. रुग्ण जगू लागला तेव्हाच यादीत ही नोंद आली.

महायुद्धे संपली, पोलिओ ओसरला आणि आयुर्मान वाढले, तेव्हा यादीत वार्धक्य आले. कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालीच केले होते. अवघ्या सहा माणसांवरून त्यांनी ते लिहिले. त्यांपैकी काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात चालताना पाहिले होते. पक्षाघाताविषयी मात्र दीर्घकाळ अशी समजूत होती की गेलेली बाजू गेली. रुग्णाला उरलेल्या हातापायावर भागविण्यास शिकवावे. बर्टा बोबाथ या लंडनला येऊन राहिलेल्या जर्मन स्त्रीने १९४३ च्या सुमारास सायमन एल्व्स या चित्रकारावर उपचार करताना पाहिले, की आखडलेला हात विशिष्ट रीतीने हाताळला असता सैल पडतो आणि त्यात हालचाल जागी करता येते. मूळ स्वीडनच्या सिग्ने ब्रुनस्ट्रम यांनी पक्षाघातातून सावरण्याच्या पायऱ्या लावून दिल्या. या पद्धतींपैकी कोणती श्रेष्ठ याचा वाद आज मागे पडला आहे. रुग्णाने नित्याचे काम स्वतः पुन्हापुन्हा करण्यावर आता भर आहे. पण 'गेलेली बाजू गेली' असे आता कोणी म्हणत नाही.

कंबरदुखीची कथा थोडी मौजेची आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथे रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात स्मिथ नावाचा एक रुग्ण आला. त्याच्या कंबरेतील कळ पायात उतरत असे. त्याला आत जाऊन पालथे पडण्यास सांगितले. खाटेचे डोके आधीच्या रुग्णासाठी उंच केलेले होते, ते तसेच राहिले होते, आणि हा बिचारा कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पाच मिनिटे पडून राहिला. मॅकेन्झी घाईघाईने आले तर रुग्ण सांगतो, की तीन आठवड्यांत एवढे बरे वाटले नव्हते. पायातली कळ नाहीशी झाली होती. या अपघाताकडे दुर्लक्ष न करता मॅकेन्झींनी त्यातून तपासणीची एक संपूर्ण पद्धत उभारली. तरीही 'कंबर दुखली की पडून राहा' हा सल्ला जगभर चालूच होता. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती दिलेल्या रुग्णांची तुलना झाली. दोन दिवसांत उठलेले लवकर कामावर गेले आणि त्यांचे काही बिघडलेही नाही. आपल्या घरांत 'फळीवर झोप' असे सांगणारे वडीलधारे अजून आहेत. त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. मात्र कंबरदुखीबरोबर लघवी अडली वा नकळत होऊ लागली, किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर विश्रांती नको आणि व्यायामही नको. रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्या पुठ्ठ्यावरची लाल शाई ती हीच.

आता तिसरा पुठ्ठा, मधुमेही पावलाचा. येथे आमची चौकशी अनपेक्षितपणे भारतात परतली. तमिळ मुलखातील डोंगरांत १९१४ साली जन्मलेले पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ नंतर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने सडून गळतात, असे तोवर डॉक्टरही मानीत. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की बोटे सडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे त्यांचे रक्षण होत नाही. चटका बसतो, खडा टोचतो, घट्ट चप्पल घासते, आणि रुग्णाला कळत नाही. जखम कोणी रोगाने केलेली नसते, ती वेदनेच्या अभावाने झालेली असते. त्यांनी वाकड्या बोटांवर स्नायूबंध वळविण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेनंतर त्या हाताला नवी हालचाल शिकविण्याचे काम फिजिओथेरपीचे होते. बधिर पावलांसाठी त्यांनी प्लास्टर आणि मऊ पादत्राणे वापरली.

ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांच्या लक्षात आले, की मधुमेह्यांच्या पावलांचीही हीच गत आहे. कुष्ठरोग अमेरिकेत अगदी थोडा, पण मधुमेह घरोघर. कारव्हिलमध्ये नायलॉनच्या धाग्याची एक साधी चाचणी पक्की करण्यात आली. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा धागा तळपायावर टेकवावयाचा. तो जाणवला नाही तर पावलाची संरक्षक संवेदना गेली असे समजावयाचे. आज ही चाचणी अमेरिकेच्या परवाना परीक्षेच्या तयारीत हमखास असते. वेल्लोरच्या कुष्ठरुग्णांनी शिकविलेले ज्ञान समुद्रापलीकडे गेले, दुसऱ्या रोगाच्या नावाखाली यादीत बसले, आणि बडोद्याच्या एका मुलीच्या मेजावर इंग्रजी पुठ्ठ्याच्या रूपाने परत आले. तिला आम्ही हे सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. नंतर म्हणाली, "आजोबा, हे कोणत्याच पुस्तकात नाही. यात फक्त दहा ग्रॅम एवढेच आहे."

यादीमागील माणसे विसरून केवळ यादी उरली की काय होते, याचा कटू अनुभव आपल्या मुलांनीही घेतला आहे. परीक्षा देऊन आलेल्यांनी प्रश्न आठवून सांगावेत, ते जमवून पुढच्यांना पुरवावेत, असे प्रकार उघडकीस आल्यानंतर जुलै २०१० मध्ये त्या महासंघाने भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त या चार देशांत शिकलेल्या सर्वच उमेदवारांची परीक्षा थांबविली. त्यांच्यासाठी काही काळ वेगळी परीक्षा ठेवण्यात आली, आणि एरवी कोणत्याही दिवशी देता येणारी परीक्षा सर्वांसाठीच ठरावीक तारखांवर आली. रात्रीचा दिवस करून प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांचेही त्यात नुकसान झाले. संपूर्ण देशास एका मापाने मोजणे न्याय्य होते असे आम्हांस वाटत नाही. पण त्याबरोबर हेही कबूल केले पाहिजे, की पाठ केलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा परीक्षकाला फसवीत नसतो. तो फसवितो त्या रुग्णाला, ज्याचा रक्तदाब एके दिवशी त्याच्यासमोर चढणार आहे. १८९४ साली त्या चार परिचारिकांनी परीक्षा मागितली ती आपली इभ्रत राखण्यासाठी. शतकानंतर त्याच परीक्षेतील लबाडीने हजारो निरपराधांची इभ्रत गेली.

आणि आता हा प्रश्न केवळ परदेशी जाणाऱ्यांचा राहिलेला नाही. भारतात दीर्घकाळ या व्यवसायास देशव्यापी परिषद नव्हती. दिल्ली, महाराष्ट्र, गुजरात अशा काही राज्यांनी आपापले कायदे केले; गुजरातचा कायदा २०११ चा. शेवटी २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि फिजिओथेरपी त्यात आली. देशपातळीवरील सामाईक परीक्षेची कल्पनाही त्यात आहे. ती परीक्षा होईल तेव्हा आपल्यालाही यादी करावी लागेल. परकी यादी जशीच्या तशी उचलली तर मधुमेही पाऊल तीत येईल, पण कुष्ठरोग्याचा हात येईल का? जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. स्वयंपाकघरातील भडक्याने भाजलेल्या स्त्रीचा आखडलेला गळा येईल का? क्षयाने पोखरलेला मणका येईल का? आपल्याकडे 'नेहमी आढळणारे' काय, हे आपल्या रुग्णालयांतूनच शोधावे लागेल.

आपल्या जुन्या घरांतून या इतिहासाचे अवशेष अजून सापडतील. कोणाच्या माळ्यावर लहानपणचे कॅलिपर असेल, कोणाची आत्या पहिल्या तुकड्यांत शिकून रुग्णालयात लागली असेल, कोणाच्या आजोबांकडे तालमीतील हाडे बसविण्याच्या टिपणांची वही असेल. वाचकांनी अशा वस्तू भंगारात देण्यापूर्वी त्यांची हकीकत चार ओळींत लिहून काढावी आणि या पत्रिकेकडे पाठवावी, अशी आमची विनंती आहे.

आमच्या मुलीची परीक्षा अजून व्हावयाची आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. मधुमेही पावलाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईच्या खाली तिने आता पेन्सिलीने 'वेल्लोर' असे लिहून ठेवले आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत, हे तिला ठाऊक आहे.